मागच्या ब्रेकचा इतिहास आणि एबीएसवरचा आळ

एबीएस असलेल्या जुन्या मोटारीचे मागचे ब्रेक कुरकुरू लागले की पहिला आळ एबीएसवर येतो. पेडल खोल जाते, एखादे चाक चिकटून तापते, सावकाश थांबताना पायाखाली थरथर जाणवते किंवा डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझत नाही. आणि गॅरेजमध्ये बोलणे सुरू होते ते थेट महागड्या कंट्रोल युनिटचे. संशय घ्यायला हरकत नाही, पण तो घेण्याचा क्रम उलटा असतो. योग्य क्रम ब्रेकच्या इतिहासात सापडतो. मोटारीचा ब्रेक एका आराखड्यातून एकदम तयार झालेला नाही. आधी ड्रम आणि केबल आली, मग तेलाचा दाब, मग मागच्या चाकांचा दाब आवरणारे व्हॉल्व्ह आणि सगळ्यात शेवटी सेन्सर व संगणक. नवे आले म्हणून जुने निघून गेले नाही. नवे जुन्याच्या डोक्यावर बसले. म्हणून दोष शोधतानाही जे आधी आले ते आधी तपासावे, हा या लेखाचा मुद्दा आहे.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारी थांबत त्या मागच्या चाकांच्याच जोरावर. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड मॉडेल टीचा पायाचा ब्रेक गिअरच्या पेटीतल्या पट्ट्यावर चाले आणि त्याची पकड मागच्या चाकांपर्यंत पोहोचे. हाताचा ब्रेक मागच्या ड्रमवर लागे. पुढच्या चाकांना ब्रेक दिले तर स्टिअरिंग हातचे जाईल आणि गाडी उलटेल, अशी त्या काळी अनेकांची धास्ती होती. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मॉडेल ए या गाडीने चारही चाकांना तेलाच्या दाबावरचे ब्रेक दिले आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते त्यापेक्षा बऱ्याच स्वस्त गाडीत आणले. तेव्हापासून मागच्या ब्रेकची भूमिकाच बदलली. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाके हलकी होतात. पुढे इंजिन असलेल्या गाडीला जोरात ब्रेक लावला, तर थांबवण्याच्या कामातला मागच्या चाकांचा वाटा चौथाईपर्यंत किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणजे जुनी अडचण ब्रेक कमी पडण्याची होती, नवी अडचण ब्रेक जास्त होण्याची झाली. पुढची चाके जाम झाली तर गाडी वळत नाही, पण सरळ तरी जाते. मागची आधी जाम झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते. म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दाब मर्यादेपलीकडे वाढू न देणारे व्हॉल्व्ह आले. रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत धावणाऱ्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह एका दांडीने मागच्या ॲक्सलला जोडला गेला, म्हणजे ओझ्याप्रमाणे दाब बदलावा.

एबीएसचा जन्म याच काळजीतून झाला. विमानाची चाके उतरताना जाम होऊ नयेत म्हणून डनलॉपने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्सारेट हे यांत्रिक साधन काढले. १९६६ मध्ये ते जेन्सन एफएफ या ब्रिटिश मोटारीत बसले. पण अमेरिकेत फोर्डने केल्सी-हेजच्या साह्याने १९६९ च्या सुमारास आपल्या महागड्या गाड्यांत जी यंत्रणा दिली, ती फक्त मागच्या चाकांसाठी होती. क्रायस्लरने बेंडिक्सबरोबर १९७१ च्या इम्पीरियलमध्ये ती चारही चाकांना दिली आणि १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये बॉशची डिजिटल इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. त्यानंतरही, १९८७ मध्ये फोर्डने पिकअप गाड्यांना एबीएस दिले ते केवळ मागच्या चाकांचे, कारण रिकाम्या पिकअपची पाठ हलकी असते आणि तीच आधी घसरते. जिथे एकाच ॲक्सलवर खर्च करायचा होता तिथे अभियंत्यांनी मागचा ॲक्सल निवडला, यावरून त्यांना भीती कशाची होती ते कळते.

या इतिहासातून निदानाला उपयोगी पडणारी पहिली गोष्ट अशी की साधे एबीएस ब्रेक लावत नाही, ते लागलेला ब्रेक सैल करते. चालकाच्या पायाने तयार झालेला दाब ते रोखते, कमी करते आणि पुन्हा पोहोचू देते. त्याला दिसतो तो केवळ चाकाचा वेग. व्हील सिलिंडर गंजून अडकला आहे, शू आपोआप पुढे सरकवणारा ॲडजस्टर जाम झाला आहे, हँडब्रेकची केबल परत सुटत नाही, रबरी होज आतून फुगून तेल परत जाऊ देत नाही, ॲक्सलच्या सीलमधून गळालेले ऑइल लायनरवर पसरले आहे, यांपैकी काहीही त्याला थेट कळत नाही. आणि मागचा ब्रेक मुळात थोडेच काम करतो, त्यामुळे तो निम्मा निकामी झाला तरी चालकालाही पटकन कळत नाही. पेडल खोल गेल्यावर मास्टर सिलिंडर बदलला जातो, खरे कारण मात्र ड्रमपासून दूर राहिलेले शू असतात. दुसरी गोष्ट मागच्या जोडीची. अनेक जुन्या यंत्रणांत पुढच्या चाकांचा दाब स्वतंत्र सांभाळला जातो, पण मागच्या दोन्ही चाकांचा एकत्र, आणि तोही आधी घसरणाऱ्या चाकाच्या मापाने. एका बाजूचा शू खेचून धरत असेल तर ते चाक लवकर जाम होऊ पाहते आणि एबीएस दोन्ही बाजूंचा दाब उतरवते. बिघाड एका ड्रममध्ये, लक्षण पूर्ण ॲक्सलवर आणि आळ कंट्रोल युनिटवर!

यावर कोणी म्हणेल, सेन्सर खरोखरच खराब होतात, ही काही अफवा नाही. हे मान्यच आहे. जुन्या गाड्यांतला सेन्सर म्हणजे चुंबक आणि तारेचे वेटोळे. समोरून दातेरी रिंग फिरते तेव्हा त्यात वीज निर्माण होते आणि वेग उतरला की तीही उतरते. रिंगखाली गंज साचून ती तडकली, बेअरिंग ढिले झाले किंवा अंतर वाढले, की गाडी थांबता थांबता संकेत तुटतो. चाक जाम होत आहे असे समजून संगणक कोरड्या रस्त्यावरही दाब सोडतो आणि पायाला ती थरथर जाणवते. पण यातली कारणे पाहा: गंज, ढिलाई, घाण. इलेक्ट्रॉनिक दिसणाऱ्या बिघाडाचे मूळही पुष्कळदा चाकापाशीच असते आणि त्यासाठी चाक उघडावेच लागते. स्कॅनर लावला की सगळे कळते, हा दुसरा आक्षेपही इथेच मिटतो. डाव्या मागच्या सेन्सरचा संकेत येत नाही, एवढे स्कॅनर सांगेल. का येत नाही, ते सांगणार नाही. आणि जाम झालेल्या सिलिंडरसाठी त्या काळच्या यंत्रणेत बहुधा कोडच नसतो.

सगळ्यात जड आक्षेप इतिहासाच्याच पोटातून येतो. १९८० च्या दशकाच्या मध्यावर टेवेसची मार्क टू ही यंत्रणा फोर्ड स्कॉर्पिओ, लिंकन मार्क सेव्हन, साब ९००० अशा गाड्यांत आली. तिच्यात बूस्टर, मास्टर सिलिंडर आणि एबीएसचे व्हॉल्व्ह एकाच ठोकळ्यात होते. विजेचा पंप नायट्रोजन भरलेल्या गोलात सुमारे १४० ते १८० बार दाब साठवी आणि मागचे ब्रेक थेट त्या साठ्यावर चालत. पंप, त्याचा रिले किंवा तो गोल निकामी झाला की मागचे ब्रेक जवळपास नाहीसेच होत. पुढचे लागत, पण पेडल दगडासारखे कडक होई. अशा गाडीत आधी ड्रम उघडणे चूक ठरेल. तिथे दाबापासूनच सुरुवात करावी लागते, आणि पाइप उघडण्यापूर्वी इग्निशन बंद करून पेडल वीसपेक्षा अधिक वेळा दाबून तो साठा रिकामा करावा लागतो, नाहीतर इजा होते. पण हा अपवाद नियमाला बळच देतो. इथे क्रम बदलतो, कारण या यंत्रणेने जुना आणि नवा थर वेगळा ठेवलाच नव्हता. १९९० च्या दशकात उद्योग मोठ्या प्रमाणावर वळला तो नेहमीच्या बूस्टरला जोडलेल्या स्वतंत्र एबीएस युनिटकडे, जे बंद पडले तरी साधा ब्रेक चालू राहतो.

भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, पण छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांत ड्रम कायम राहिले. शंभर वर्षांचा ड्रम आणि आजचा संगणक एकाच चाकापाशी काम करत असल्याने वरचा क्रम इथल्या गाड्यांनाही लागू पडतो: आधी शू, सिलिंडर, केबल आणि होज, मग ब्रेक ऑइल आणि दाब आवरणारा व्हॉल्व्ह, मग सेन्सर, रिंग आणि वायर, कंट्रोल युनिट सगळ्यात शेवटी. एक सावधगिरी मात्र हवी. फक्त पिवळा दिवा लागला असेल तर साधा ब्रेक सहसा शाबूत असतो. लाल दिवाही सोबत लागला तर ऑइल, दाब किंवा मागच्या-पुढच्या ब्रेकची वाटणी बिघडलेली असू शकते आणि गाडी तिथेच उभी करावी. एरवी, कंट्रोल युनिटचे पैसे मोजण्यापूर्वी मागची दोन्ही चाके आपल्यासमोर उघडून दाखवायला सांगा.