एका चिलखताची पाठचिकित्सा

पापडीच्या पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेल्या लाव्हाचे ते कातळ. हा लाव्हा जेथे विरळ होतो त्या कडेला, नर्मदाकाठी आणि विदर्भात, त्याखालचे 'लामेटा' थर उघडे पडतात. भारतातील अखेरच्या डायनासोरांची हाडे प्रामुख्याने या थरांतली.

चिलखती शाकाहारी डायनासोर म्हटले की अँकिलोसॉर आठवतो: बुटका, चार पायांवर चालणारा, पानाच्या आकाराचे लहान दात आणि कातडीतच रुजलेले हाडांचे पट्ट, काहींच्या शेपटीला गदाही. असाच प्राणी आपल्याकडेही होता, असे सी. ए. मॅटली यांनी १९२३ साली जाहीर केले. जबलपूरच्या बडा सिमला टेकडीवर त्यांना कमरेची हाडे, नडगी आणि पुष्कळसे अस्थिपट्ट जवळजवळ सापडले होते. त्यांनी ते सारे एकाच प्राण्याचे मानले आणि नाव दिले 'लामेटासॉरस इंडिकस'.

१९३५ मध्ये डी. के. चक्रवर्ती यांनी प्रश्न विचारला: हा खरोखर चिलखती डायनासोर आहे काय? पुढे अभ्यासकांचे मत असे झाले की कंबर आणि नडगी मांसाहारी डायनासोराची, तर पट्ट टायटॅनोसॉर या लांब मानेच्या अजस्र शाकाहाऱ्याचे. म्हणजे चिलखत खरे होते. अंग दुसऱ्याचे होते. अशा सॉरोपॉडांनाही चिलखत असते, हे अर्जेंटिनातील 'साल्टासॉरस'मुळे १९८० मध्ये निर्विवाद ठरले.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यात परके काही नाही. एका बाडात सापडले म्हणून एकाच कर्त्याचे, ही चूक आपणही केली आहे. नाममुद्रा एक आणि अभंग अनेकांचे, हा तर नित्याचा अनुभव. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो अशाच सरमिसळीमुळे. मॅटलींना हसू नये, असे आम्हांस वाटते. त्यांनी पट्ट जपून ठेवले, वर्णिले, म्हणून तर पुढच्यांना वेगळे वाचता आले.

या टायटॅनोसॉरांचा आहारही आपल्याच मातीने सांगितला. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथल्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण मिळाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. डायनासोरांच्या काळी गवत नव्हतेच, हा समज त्याने मोडला. २०११ च्या पुढील अभ्यासात त्यांतले काही कण भाताच्या कुळातले निघाले.