खोलीखोलीची ऊब

वैशाखांत अकोल्या-अमरावतीकडे पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हां घरांतील गारव्याची वांटणी कशी होत असे हें वऱ्हाडी वाचकांस सांगावयास नको. वाळ्याचा पडदा लागे तो बैठकीच्या दाराला; त्यावर पाणी शिंपडलें जाई तें बैठकींतील मंडळींसाठीं. स्वयंपाकघरांत बसणारीच्या वांट्यास मात्र वैशाख आणि चूल हीं दोन्ही येत. गारवा किती, यापेक्षां तो कोणत्या खोलीस आणि कोणाच्या इच्छेनें मिळतो, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. थंड देशांत हाच प्रश्न उबेच्या रूपानें उभा राहिला, आणि जमिनीखालून घर तापविण्याच्या युक्तीचा इतिहास या दृष्टीनें वाचण्यासारखा आहे.

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस यानें स्नानगृहांची रचना वर्णिली आहे. विटांचे दोन फूट उंचीचे खांब, त्यांवर तोललेली फरशी आणि खालून खेळणारी भट्टीची धग, अशी ती रचना होती. भट्टीलगतचें दालन कढत, त्यापलीकडील कोमट. म्हणजे उबेचें प्रमाण अंतरानें ठरे. परंतु घाम काढण्याच्या दालनासाठीं त्यानें आणखी एक तोड सांगितली आहे. घुमटास भोंक ठेवून त्याखालीं साखळ्यांनीं कांशाची तबकडी टांगावी. ती वर-खालीं केली म्हणजे आंतील ताप कमी-अधिक होतो. एका दालनापुरता ताप आंवरण्याचें हें फार जुनें साधन होय.

कोरिया देशांतील 'ओंडोल' पद्धतींत चुलीची झळ व धूर फरशीखालच्या वाटांनीं खोली ओलांडून धुराड्याकडे जात. जी खोली तापवावयाची, तिच्या चुलींत लांकूड सारावयाचें, इतकें तें सोपें होतें. पण खोलींतही समता नव्हती. चुलीकडची उबदार बाजू वडील मंडळींची व पाहुण्यांची. धाकट्यांनीं पलीकडे सरावें, असा शिष्टाचार होता.

खऱ्या अर्थानें खोलीस वाचा फुटली ती अमेरिकेंत, आणि ती एका अध्यापकामुळें. विस्कॉन्सिन संस्थानांतील व्हाइटवॉटर येथें वॉरेन जॉन्सन हे शिकवीत असत. शाळेचा नोकर वर्गावर्गांत जाऊन उष्णता पाही आणि मग तळघरांत उतरून झडपा फिरवी. या येरझाऱ्यांना कंटाळून जॉन्सन यांनीं एक उपकरण योजिलें. खोलींतील उष्णता ठराविक मर्यादेस पोंचली कीं विजेचा प्रवाह जुळे व तळघरांत घंटा वाजे. याचें पेटंट त्यांस १८८३ सालीं मिळालें. पुढें १८९५ सालच्या पेटंटांत घंटेची व नोकराचीही गरज उरली नाहीं; दाबलेल्या हवेच्या जोरावर प्रत्येक खोलीची झडप आपोआप फिरूं लागली.

आज फरशीखालीं भट्टीच्या धगेऐवजीं ऊन पाण्याच्या नळ्या असतात. प्रत्येक खोलीचें वेटोळें निराळें, झडप निराळी आणि भिंतीवरचें तापनियंत्रकही निराळें. न्हाणीघर पहांटे, अभ्यासाची खोली रात्रीं, आणि आजाऱ्याची खोली अहोरात्र, अशी सोय त्यामुळें होते. मात्र जाड फरशी तापण्यास व निवण्यास कित्येक तास घेते. दिव्याप्रमाणें तत्काळ फळ मागणाऱ्याची येथें निराशाच होते. शिवाय मधलें दार उघडें राहिलें कीं एका खोलीची ऊब दुसरींत जातेच. स्वतंत्र किल्ली मिळाल्यानें शेजार सुटत नाहीं.

वऱ्हाडास तापलेल्या फरशीची आवश्यकता ती किती! परंतु या इतिहासाचें तात्पर्य आपल्याही कामाचें आहे. यंत्रानें खोल्या स्वतंत्र केल्या. त्यांतील माणसांस समान केलें नाहीं. पुष्कळ घरांत वाळ्याच्या पडद्याची जागा आतां कूलरनें घेतली आहे, तरी तो प्रथम बैठकींतच बसतो. ज्या खोलींत चूल पेटते, तिचा क्रम सर्वांच्या शेवटीं कां लागावा, याचें उत्तर जॉन्सन यांच्या झडपेपाशीं नाहीं. तें घरांतील कर्त्या माणसांनीं द्यावयाचें आहे.