अंधेरीच्या गॅलरीने न पाहिलेले विजेतेपद

१/ नवा प्रशिक्षक आला की चाहते त्याला प्रथम पाहतात ते बहुधा आपल्याच मैदानावर, आपल्याच संघाच्या बाकाशेजारी. मुंबई सिटी एफसीला पहिली विजेतेपदे मिळवून देणारे सर्जिओ लोबेरा अंधेरीला दिसले ते मात्र प्रतिस्पर्धी म्हणून. या उलट्या ओळखीचा हा इतिहास.

२/ क्लबची स्थापना २०१४ ची. पहिले दोन हंगाम घरचे सामने नव्या मुंबईत झाले. २०१६ मध्ये क्लब अंधेरी पश्चिमेच्या शहाजी राजे भोसले क्रीडा संकुलात आला. मैदान लहान, काही हजार प्रेक्षकांचे. घाटकोपरच्या चाहत्याने मेट्रो पकडावी, आझाद नगरला उतरावे आणि चालत मैदान गाठावे, इतके ते उपनगरांच्या हाताशी होते.

३/ प्रशिक्षक मात्र येत आणि जात. पीटर रीड, निकोलस अनेल्का, अलेक्झांद्रे गिमाराइस, जॉर्ज कोस्टा : सहा हंगामांत चार प्रशिक्षक आणि करंडक एकही नाही. नव्या नावाकडे सावधपणे पाहण्याची सवय गॅलरीला याच अनुभवाने लावली होती.

४/ ९ मार्च २०१९. उपांत्य फेरीचा पहिला सामना, अंधेरीतच. समोर लोबेरा यांचा एफसी गोवा. घरच्या प्रेक्षकांसमोर मुंबई १-५ अशी हरली. परतीचा सामना मुंबईने १-० असा जिंकला, पण तोवर अंतिम फेरीची आशा संपली होती. चेंडू शांतपणे आपल्याकडे राखत प्रतिस्पर्ध्याला थकवणारी लोबेरा यांची शैली अंधेरीने जवळून पाहिली, ती पराभूतांच्या बाजूने.

५/ पुढे दोन घटना घडल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीची ६५ टक्के मालकी घेतली. जानेवारी २०२० अखेरीस, संघ गुणतक्त्यात अग्रस्थानी असतानाच, गोव्याने लोबेरा यांना दूर केले. ऑक्टोबरमध्ये ते मुंबईचे प्रशिक्षक झाले. मुर्तादा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमू आणि मंदार राव देसाई हे त्यांचे गोव्यातील खेळाडूही मुंबईच्या संघात आले. अंधेरीला नमवणारा संघच जणू अंधेरीचा झाला.

६/ पण कोविडमुळे २०२०-२१ चा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर, प्रेक्षकांविना झाला. चाहत्यांना उरला तो केवळ पडदा. पहिल्याच सामन्यात जाहूला लाल कार्ड मिळाले आणि नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०-१ अशी हार झाली. दुसरा सामना एफसी गोवाशी. भरपाई वेळेत अ‍ॅडम ल फाँड्रने पेनल्टीवर गोल केला आणि मुंबई १-० जिंकली. चार दिवसांत नव्या प्रशिक्षकाविषयी दोन परस्परविरोधी मते होण्याइतका पुरावा जमा झाला होता.

७/ साखळीच्या शेवटच्या सामन्यात एटीके मोहन बागानला २-० हरवून मुंबईने लीग विनर्स शील्ड जिंकली. उपांत्य फेरीत पेनल्टी शूटआउटवर पाडाव झाला तो गोव्याचाच. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यात बिपिन सिंगने ९० व्या मिनिटाला गोल केला आणि अंतिम सामना २-१ असा जिंकला. एकाच हंगामात शील्ड आणि करंडक जिंकणारा हा पहिला संघ. स्टेडियम मात्र रिकामे होते.

८/ ऑक्टोबर २०२१ मध्ये लोबेरा गेले. डेस बकिंगहॅम आले, त्यांचाही पहिला लीग हंगाम गोव्यातच गेला. अंधेरीत लीगचा सामना पुन्हा झाला तो ऑक्टोबर २०२२ मध्ये. म्हणजे मुंबईचे प्रशिक्षक म्हणून लोबेरा या मैदानावर एकदाही उभे राहिले नाहीत. २०२३-२४ मध्ये ते अंधेरीत परतले, तेही ओडिशा एफसीचे प्रशिक्षक म्हणून.

९/ क्लबच्या नोंदवहीत २०२०-२१ हा सर्वांत उजळ हंगाम आहे. गॅलरीच्या स्मृतीत मात्र त्याला जागा नाही. तेथे आधी १-५ आहे, मग अडीच वर्षांहून अधिक काळाची शांतता. क्रीडेतिहास केवळ निकालांवरून लिहिला, तर ही शांतता त्यात येणार नाही. सामना कोणी जिंकला याबरोबरच तो कोणाला पाहता आला, हेही इतिहासाने विचारले पाहिजे.