ऑक्सिजन सेन्सर : आगमन आणि गच्छंती

अलीकडच्या मोटारसायकलींमध्ये इंजिनाकडून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीत बोटाएवढा एक सेन्सर बसवलेला असतो. बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन उरला आहे की नाही, याची वर्दी तो इंजिनाच्या संगणकाला देतो. गाडीचा जोर वाढावा म्हणून या संगणकाचा प्रोग्रॅम बदलून घेणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांतले काहीजण नंतर सेन्सर काढतात आणि ते भोक बोल्टने बुजवतात. प्रोग्रॅम नवा झाला, आता सेन्सर कशाला, असा त्यामागचा विचार. तो तपासायचा तर हा सेन्सर मुळात तिथे का आला, हे आपण पाहायला हवे.

१९४३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारे दाट धुरके पसरले. पुढे १९५० च्या सुमारास आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे कारण शोधले. मोटारींतून निघणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होत होता. १९७० साली अमेरिकेने कायदा करून नव्या मोटारींतून निघणारे हे प्रदूषक सुमारे ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले.

इथे एक रासायनिक पेच होता. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने यांना ऑक्सिजन द्यायचा, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधून तो काढून घ्यायचा. एकाच वेळी ऑक्सिडीकरण आणि क्षपण! प्लॅटिनम, ऱ्होडियम यांसारख्या धातूंचा उत्प्रेरक ही दोन्ही कामे करू शकतो. पण त्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलमागे हवा जवळजवळ नेमकी १४.७ ग्रॅम असावी लागते. साध्या कार्ब्युरेटरला हे प्रमाण इतके काटेकोर सांभाळणे जमत नव्हते. प्रमाण कोठे चुकते आहे हे क्षणोक्षणी सांगणारे कोणीतरी हवे होते.

त्याचे उत्तर विजेच्या दिव्याच्या इतिहासात सापडते. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर नर्न्स्ट यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस झिर्कोनियम ऑक्साइडमध्ये इट्रियम ऑक्साइड मिसळून एक दिवा बनवला. हे मिश्रण थंड असताना वीज वाहू देत नाही. तापल्यावर मात्र वाहू देते. ती वीज स्फटिकातील रिकाम्या जागांमधून सरकणारे ऑक्सिजनचे आयन वाहून नेतात, हे कार्ल वाग्नर यांनी १९४३ मध्ये स्पष्ट केले. अशा पदार्थाच्या एका बाजूला बाहेरची हवा आणि दुसऱ्या बाजूला इंजिनातून निघालेला तप्त वायू असेल, तर दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार विभवांतर निर्माण होते. पेट्रोल जास्त झाले की सुमारे ०.९ व्होल्ट, हवा जास्त झाली की सुमारे ०.१ व्होल्ट. जर्मनीतील बॉश कंपनीने असा सेन्सर तयार केला आणि १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्वो मोटारींत तो प्रथम आला. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि तो आपल्याकडच्या साध्या दुचाकींपर्यंत पोचला.

सेन्सर काढणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. इंजिनाला सर्वाधिक जोर १४.७ ला नव्हे, तर १३ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल थोडे जास्त असताना मिळतो. साधा सेन्सर मात्र १४.७ च्या अलीकडे की पलीकडे, एवढेच ओळखतो. म्हणून प्रोग्रॅम बदलताना त्याची दखल घेणे बंद करतात आणि पेट्रोलचे प्रमाण आधी आखलेल्या कोष्टकावर सोपवतात. गंमत अशी की, हे कोष्टक नीट आखायचे तर अधिक विस्तृत पल्ल्याचा ऑक्सिजन सेन्सरच नळीत बसवून मोजमापे घ्यावी लागतात!

पण कोष्टक हे एका दिवसाच्या मोजमापांचे टिपण असते. पुढे इंजेक्टरमध्ये कचरा साचला किंवा इंधन बदलले, तर ते कोष्टकाला कसे कळावे? भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असल्याने या मिश्रणाला १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते. सेन्सर असलेले इंजिन हा फरक ओळखून पेट्रोल वाढवते. कोष्टकावर चालणारे इंजिन जुन्याच हिशेबाने चालत राहते. शिवाय प्रमाण ढळले की उत्प्रेरकाचे दुहेरी कामही बिघडते आणि धुरक्याचे घटक पुन्हा हवेत जातात.

म्हणूनच हा केवळ गाडीमालकाचा खाजगी प्रश्न राहत नाही. प्रदूषण वाढवणारी 'सुपर ट्यूनर' नावाची उपकरणे विकल्याच्या आरोपावरून ऑगस्ट २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसन कंपनीने अमेरिकी सरकारशी तडजोड केली आणि १.२ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. ही उपकरणे संगणकाचा प्रोग्रॅमच बदलत होती. कंपनीने दोष मात्र कबूल केला नाही.

वर्गात हा विषय घेताना विद्यार्थ्यांकडून एक हिशेब करून घ्यावा. ऑक्टेन आणि इथेनॉल यांच्या ज्वलनाची समीकरणे संतुलित करावीत आणि हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन धरून प्रत्येकाला किती हवा लागते ते काढावे. उत्तरे अनुक्रमे सुमारे १५ आणि ९ येतील. मग विचारावे : टाकीत आज कोणते मिश्रण आहे, हे सेन्सर नसलेल्या इंजिनाला कोण सांगणार?