अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची महाविद्यालये

जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, तो गुलामांच्या मुक्ततेसाठी त्यांनी दाखविलेल्या निरपेक्ष बुद्धीबद्दल. त्या मुक्त माणसांनी शाळा कशा उभारल्या आणि आज तेथे कोण शिकते, हे थोडक्यात पाहू.

यादवी युद्धापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामास अक्षरओळख करून देणे हा गुन्हा होता. साहजिकच पहिल्या संस्था उत्तरेत निघाल्या. रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकर गृहस्थाच्या मृत्युपत्रातील देणगीतून १८३७ साली पेनसिल्व्हेनियात निघालेली संस्था, म्हणजे आजचे चेनी विद्यापीठ, ही सर्वांत जुनी होय. ओहायोत १८५६ साली विल्बरफोर्स निघाले. उत्तरेत अशा संस्था मोजक्याच राहिल्या.

दक्षिणेची गोष्ट वेगळी. १८६५ साली युद्ध संपताच तेथे शाळांची रीघ लागली. नॅशव्हिलचे फिस्क लष्करी रुग्णालयाच्या जुन्या बराकींत सुरू झाले. पैसा संपला तेव्हा, १८७१ साली, तेथील विद्यार्थी गायनाच्या दौऱ्यावर निघाले आणि आपल्या पूर्वजांची दास्यगीते गाऊन त्यांनी विद्यालय वाचविले. अलाबामातील टस्कीगी येथे बुकर वॉशिंग्टन यांच्या विद्यार्थ्यांनी इमारतीसाठी स्वतः विटा पाडल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ गहाण टाकले. (वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मधील कार्व्हर शिकवीत, ते हेच टस्कीगी.)

१८९० साली केंद्रीय कायद्याने राज्यांना सांगितले की, शेतकी महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी निराळे महाविद्यालय काढा. दक्षिणेने दुसरा मार्ग पत्करला. निराळी महाविद्यालये निघाली, पैसा मात्र बरोबरीने मिळाला नाही. तरी ग्रीन्सबरो येथील अशाच एका महाविद्यालयाचे चार विद्यार्थी १९६० साली गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले, आणि ते लोण साऱ्या दक्षिणेत पसरले.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविला. त्यानंतर प्रदेशाप्रदेशांत पडलेला फरक मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. अलाबामा, जॉर्जिया, उत्तर कॅरोलायना येथील बहुतेक महाविद्यालये कृष्णवर्णीय बहुसंख्येचीच राहिली. पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात मात्र कृष्णवर्णीयांची वस्तीच थोडी. तेथील ब्लूफील्ड हे १८९५ साली कोळसाखाणींतील मजुरांच्या मुलांसाठी निघालेले महाविद्यालय. जवळपास स्वस्त शिक्षणाची दुसरी सोय नसल्याने गोरे विद्यार्थी येऊ लागले. गोरे अध्यक्ष आले. १९६८ साली व्यायामशाळेत बाँबस्फोट झाला आणि वसतिगृहे बंद करण्यात आली. दूरच्या कृष्णवर्णीय मुलांना राहावयास जागाच उरली नाही. पाहता पाहता महाविद्यालय गोऱ्यांच्या बहुसंख्येचे झाले. ज्यांनी दार उघडे ठेवले, त्यांचीच मुले बाहेर राहिली, ही जुन्या विद्यार्थ्यांची व्यथा अवास्तव म्हणता येत नाही.

तरीही सरकारदरबारी ब्लूफील्डचा दर्जा कायम आहे. कारण १९६५ च्या कायद्याची व्याख्या आजचा हजेरीपट पाहत नाही. संस्था १९६४ पूर्वी निघालेली असावी व तिचा मुख्य हेतू कृष्णवर्णीयांचे शिक्षण हा असावा, असे ती म्हणते. अशा सुमारे शंभर संस्था आज आहेत. त्यांतच टेक्सासमधील सेंट फिलिप्स मोडते. १८९८ साली मुक्त गुलामांच्या मुलींसाठी शिवणवर्ग म्हणून ते सुरू झाले. आज तेथील बहुसंख्य विद्यार्थी लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत.