बेनझीर : पाण्यातला महाल आणि पाण्याकाठचे घर

राधानगरी धरणाच्या जलाशयात, पाण्याने वेढलेल्या एका टेकाडावर पडका महाल उभा आहे. त्याचे नाव बेनझीर व्हिला. 'बेनझीर' हा फारसीतून आलेला शब्द, अर्थ 'ज्याला जोड नाही असा'. मीर हसनच्या 'सेहर-उल-बयान' या उर्दू मसनवीच्या नायकाचेही नाव हेच आहे. 'व्हिला' युरोपातून आला. बांधणारे मराठी राजे, राजर्षी शाहू छत्रपती. एका पाटीवर तीन मुलुखांचे शब्द बसले आणि त्या काळात कोणाला त्यात वावगे वाटले नाही. आज कोणी गल्लीचे नाव बदला म्हणते, कोणी गावाचे. अशा दिवसांत हा महाल त्याच नावाने ओळखला जातो, याचे मला अप्रूप वाटते.

पण हा लेख नावाबद्दल नाही. पाण्याकाठी घर बांधायचे, तिथे चार दिवस सुखाने राहायचे आणि ते घर उभे ठेवायचे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीचा इतिहास लिहिला जातो. दुसरीच्या आठवणी लिहिल्या जातात. तिसरीबद्दल कोणीच लिहीत नाही. मला तिसरीबद्दल लिहायचे आहे.

धरण आधी, महाल मग

भोगावती अडवून दाजीपूरच्या जंगलातला पाऊस साठवावा, ही शाहू महाराजांची योजना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली. फेजिवड्याजवळ धरणाचे काम सुरू झाले. लेक राधाबाई तथा अक्कासाहेब यांच्या नावाने राधानगरी वसली आणि जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाईंचे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात पैशांची ओढाताण झाली, काम रेंगाळले. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. पुढे राजाराम महाराजांनी काम पुन्हा हाती घेतले आणि ते पूर्ण झाले स्वातंत्र्यानंतर, १९५०च्या दशकात. ज्यांनी स्वप्न पाहिले त्यांनी हे सुमारे सव्वाआठ टीएमसीचे पाणी भरलेले कधीच पाहिले नाही.

महाराज धरणाचे काम पाहायला येत तेव्हा त्यांचा मुक्काम बेनझीरमध्ये असे, असे राधानगरीत सांगतात. आज छप्पर गेले आहे, भिंती राहिल्या आहेत. पावसाळ्यात भोवती पाणीच पाणी असते. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी उतरते तेव्हा टेकाडाचा पाया उघडा पडतो, आणि महाल आहे त्याहून उंच दिसू लागतो.

अशी इमारत का पडते? शत्रूने पाडली नाही, भूकंपाने पाडली नाही. चुन्यात बांधलेली भिंत शतकानुशतके टिकते, पण एका अटीवर. तिच्या डोक्यावर छप्पर हवे. दाजीपूरच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. छपरात पहिली फट पडली की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत उतरते आणि चुना हळूहळू धुऊन नेते. मग तिथे पाखराने टाकलेले पिंपळाचे किंवा उंबराचे बी रुजते. मूळ दगडांच्या सांध्यात शिरते, जाड होते आणि पाचर ठोकावी तसे दगड बाजूला सारते. पहिल्या वर्षी हे रोप दोन बोटांनी उपटता येते. दहाव्या वर्षी त्याला कुऱ्हाड लागते. तिसाव्या वर्षी झाड तोडले तर भिंतच खाली येते. म्हणजे महाल पडायला सुरुवात होते ती ज्या वर्षी ते दोन बोटांचे काम करणारे कोणी उरले नाही, त्या वर्षी.

रंकाळ्याकाठी

कोल्हापूर शहरात याची दुसरी बाजू दिसते. रंकाळ्याच्या पश्चिम काठावरचा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला. राजकन्या शालिनीराजे यांच्या नावाचा हा राजवाडा. त्याला आठ लाख रुपये खर्च आला असे सांगितले जाते. पुढे त्याचे हॉटेल झाले, आणि तेही बंद पडले. त्याचे छप्पर शाबूत आहे, म्हणून त्याची गत बेनझीरसारखी झालेली नाही. पण ज्या घरात कोणी खिडक्या उघडत नाही ते घर आतून ओल धरते, हे कोल्हापूरच्या पावसात राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

या राजवाड्याचे काम सुरू झाले त्याच १९३१ साली चित्रकार आबालाल रहिमान वारले. शाहू महाराजांच्या दरबाराचे हे चित्रकार. वडील कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करीत. आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले आणि परत येऊन रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ इथले पाणी आणि प्रकाश रंगवत राहिले. तळ्याकाठी महाल नसतानाही त्या माणसाने तळ्याचा जेवढा उपभोग घेतला, तेवढा महालाच्या गच्चीवरून कोणी घेतला असेल का, हा प्रश्न मला पडतो.

आडनावात उरलेला इतिहास

इमारत कोणी बांधली हे शिलालेखावर असते. ती कोणी सांभाळली हे पाहायचे असेल तर कोल्हापूरच्या मुसलमानांची आडनावे वाचावीत. फरास म्हणजे जाजम, गालिचे, तंबू, बैठक यांची व्यवस्था पाहणारे. पखाली म्हणजे कातडी पखालीतून पाणी वाहणारे, शिंपणारे. महात म्हणजे हत्ती सांभाळणारे माहूत. चित्तेवान म्हणजे संस्थानचे शिकारी चित्ते वाढवणारे, त्यांना शिकवणारे. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. दरबारातल्या आणि बाजारातल्या या कामांवरून आडनावे पडली. कामे संपली, पण आडनावे शाळेच्या दाखल्यावर आणि मतदार यादीत राहिली.

राजे मुक्कामाला येणार म्हटले की आधी कोण जात असेल? दारे उघडून कोंदट वास घालवणारा, जाजमाखालची वाळवी झाडणारा, हौद धुऊन पाणी भरणारा. मुक्काम हलला की मागे कोण राहत असेल? तोच. मराठी आणि मुसलमान, दोघांतही अशी माणसे होती. त्यांच्या नावाने एकही चौक नाही. आणि आपण मुसलमान आपल्या इतिहासाबद्दल बोलायला लागलो की बादशहा, सुभेदार, किल्ले आणि मकबरे यांच्यावरच बोलतो. फरासाचा नातू स्वतःला फरासाचा वारस म्हणायला लाजतो आणि दिल्लीच्या तख्ताशी नाते सांगतो. मला हे उलटे वाटते.

शाहू महाराजांनी मात्र या माणसांच्या मुलांचा विचार केला. १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, महाराज स्वतः तिचे अध्यक्ष होते. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग आजही उभे आहे आणि वापरात आहे. महाल पडला आणि वसतिगृह टिकले. कारण वसतिगृहात रोज कोणी तरी राहत होते.

आमचे दोन खणांचे घर

जलाशयाच्या अलीकडच्या अंगाला आमच्या कुटुंबाचे एक कौलारू घर आहे. आजोबा धरणाच्या शेवटच्या टप्प्यातल्या कामावर गवंडी होते. काम संपल्यावर त्यांनी ही जागा घेतली. आम्ही सगळे कोल्हापुरात राहतो, पण सुट्टीला, ईदनंतर, कधी नुसतेच दोन दिवस, तिथे जातो. पहाटे पाण्यावर धुके असते. पलीकडच्या उतारावर कधी गव्यांचा कळप दिसतो. याहून मोठी चैन मला माहीत नाही.

पण या चैनीचे वेळापत्रक निसर्ग ठरवतो. एप्रिल-मे महिन्यात वळीव पडायच्या आत घर शाकारावे लागते. वानरांनी सरकवलेली कौले जागेवर बसवायची, फुटलेली बदलायची, वाशांना आणि रिपांना वाळवीसाठी जळके ऑइल मारायचे, पन्हळीतला पाला काढायचा. मृग लागायच्या आत पावसाच्या बाजूच्या भिंतीला ताडपत्री बांधायची, जळण आणि शेणी कोरड्या जागी रचायच्या. जुलैत धरण भरते. स्वयंचलित दरवाजे एकेक करून उघडतात आणि कोल्हापुरात लोक कितवा दरवाजा उघडला ते मोजू लागतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडते, तिथून पंचगंगेत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी पन्नास फुटांच्या वर गेले होते, धोक्याची पातळी त्रेचाळीस फूट असताना. अशा दिवसांत धरणाकडे जाणे होत नाही, म्हणून शेजारच्या घरी किल्ली असते. ते आठवड्यातून एकदा चूल पेटवतात. धुराने वासे कोरडे राहतात, बुरशी धरत नाही. दसऱ्यानंतर अंगणातले शेवाळ खरवडायचे, भिंतींना चुना लावायचा. थंडीत फक्त राहायला जायचे. खरे सुखाचे महिने तेवढे तीनच.

आमचे सण मात्र या वेळापत्रकात बसत नाहीत. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे ईद दर वर्षी मागे सरकते आणि तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे बकरी ईद जूनमध्ये आली, ऐन कौलांच्या घाईत. अब्बा म्हणाले, नव्वदीच्या सुरुवातीलाही असेच झाले होते, नमाजाचे कपडे उतरवून आम्ही छपरावर चढलो होतो. त्या घराला एका माणसाच्या आयुष्यात प्रत्येक ऋतूतली ईद दोनदा पाहायला मिळते.

वाटा कोणाचा, खर्च कोणाचा

आजोबांना तीन मुलगे, दोन मुली. विरासतीच्या नियमाने घराचे आठ हिस्से पडतात. मुलग्यांना दोन-दोन, मुलींना एक-एक. आता पुढची पिढी धरून उताऱ्यावर एकोणीस नावे आहेत. गेल्या वर्षी जागा विकत मागायला एक जण आला, त्याला तिथे रिसॉर्ट करायचे आहे. एकोणिसांपैकी निम्मे विकायला तयार आहेत. ज्यांना विकायचे नाही, त्यांतलेही बरेच जण मे महिन्यात फोन उचलत नाहीत.

बाराव्या शतकातल्या मरगीनानींच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात याला अगदी जवळचा प्रश्न आहे, वक्फच्या प्रकरणात. वक्फच्या उत्पन्नातला पहिला खर्च दुरुस्तीचा. वाकिफने तशी अट घातलेली असो वा नसो. आणि घर राहण्यासाठी दिलेले असेल तर? जो राहतो त्याने दुरुस्ती करावी. त्याने नाकारले किंवा त्याची ऐपत नसली, तर काझीने ते घर भाड्याने द्यावे, भाड्यातून दुरुस्ती करावी आणि मग घर त्याला परत करावे. वारसांच्या पिढ्यांना लाभ देणारा कौटुंबिक वक्फ इंग्रजी अमदानीत अडचणीत आला. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो अवैध ठरवला. मग जिनांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा कायदा आला आणि तो पुन्हा वैध झाला. त्या वादात मालकी कोणाची यावर भरपूर बोलले गेले. फकिहांनी मात्र त्याच्या कितीतरी आधी ओळखले होते की मालकीपेक्षा छप्पर आधी जाते.

आमचे घर वक्फ नाही, त्यामुळे हा नियम आम्हाला कायद्याने लागू होत नाही. पण अक्कल म्हणून लागू होतो. गेली सतरा वर्षे दर मे महिन्यात कौलांचा खर्च सर्वांत जास्त कोणी केला, हे मी वहीतून काढले. ती माझी धाकटी फुफी निघाली, जिचा हिस्सा आठातला एक आहे. ती मला म्हणाली, "बेटा, हिस्सा कागज पे होता है, पानी छत पे गिरता है."

म्हणून कुटुंबाच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडल्या. जो राहायला जाईल त्याने दिवसाप्रमाणे दुरुस्तीच्या वहीत पैसे टाकावेत. ज्या वर्षी वही रिकामी राहील त्या वर्षी थंडीचे तीन महिने घर भाड्याने द्यावे, आणि त्या पैशातून आधी कौले. विकायचेच झाले, तर पहिला हक्क ज्यांनी छप्पर सांभाळले त्यांचा. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. तिसरीवर अजून भांडण चालू आहे.

बेनझीरच्या जतनाची मागणी अधूनमधून होते, व्हायलाच हवी. पण ती करताना फक्त 'महाल पुन्हा बांधा' असे म्हणू नये. उद्घाटनाची फीत कापली जाईल, कोनशिला बसेल, आणि दुसऱ्या वर्षी भिंतीच्या सांध्यात पुन्हा पिंपळ उगवेल. तिथे बारा महिन्यांच्या पगारावर दोन माणसे नेमा, शिडी द्या, चुना द्या, आणि पाणी चढल्यावर पलीकडे जायला एक होडी द्या, अशी मागणी व्हायला हवी.