चौकाबाहेरचं शेत

डहाणू तालुक्यातल्या वारली घरांत लग्नाआधी शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी लग्नचौक लिहीत. मधोमध पालघट देवी, आणि रंग एकच: तांदळाच्या पिठाचा पांढरा. जे शेतात पिके, त्यानेच देवी उमटे. हे काम बायकांचं होतं.

गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) या शेतकऱ्याने ही चाकोरी मोडली. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांची वाचाच बसली. ते धुळीत रेघा ओढून बोलत. पुढे लग्नासणाची निमित्तं सोडून ते रोज चित्रं काढू लागले. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचं काम मुंबईला आणलं. १९८९ साली ते पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात पोहोचलं, आणि २०११ साली म्हसेंना पद्मश्री मिळाली.

चित्रांचे विषय मात्र गावचेच राहिले. भाताची लावणी, कापणी, झोडणी, तारपा या वाद्याभोवतीचा नाच, मासेमारीचं जाळं. लावणीच्या चित्रात कमरेत वाकलेली माणसं ओळीने दिसतात. तो वाक शेतात राबलेल्यालाच साधतो. भातशेतीची इतकी जिवंत आणि अचूक नोंद आधुनिक मराठी चित्रकलेत दुसऱ्या कुणी क्वचितच केली असेल.